उसना आवाज

गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली आणि आठवड्याभरात माझा आवाज गेला. बसलेला आवाज मला ओळखीचा आहे. अठरा वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत लहान मुलांना शिकवणाऱ्या बाईचा आवाज दर पावसाळ्यात आणि दर स्नेहसंमेलनाच्या आधी बसतोच. ज्येष्ठमध, खडीसाखर, मिठाच्या गुळण्या, रात्री वाफ, की चार दिवसांत पुन्हा वर्ग भरून टाकण्याइतका आवाज लागतो. या वेळी तसं झालं नाही. हजेरी घेताना तेराव्या नावाला तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली.

साताऱ्यातल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक नळी घालून माझं स्वरयंत्र मला पडद्यावर दाखवलं. दोन पांढुरक्या पट्ट्या आणि त्यांच्या कडेला समोरासमोर तांदळाच्या कणीएवढे दोन उंचवटे. "शिक्षिका ना?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "गाठी आहेत. घाबरण्यासारखं काही नाही. पण तीन आठवडे बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं उलट ताण पडतो."

तीन आठवडे मी घरात पाटी घेऊन फिरले. पाटीवर फक्त कामाचं लिहिता येतं, हे मला तेव्हा कळलं. 'गॅस बंद कर' लिहिता येतं. पण कुणी दमून घरी आलं की आपण जे 'आलास का रे' म्हणतो, ते पाटीवर लिहून दाखवण्यात काही अर्थ नसतो. ते शब्दांत नसतंच, ते आवाजात असतं. आठवड्याभरात मी लिहिणंही कमी केलं आणि दुपारच्या दुपार पडून राहू लागले.

माझी मुलगी नववीत आहे. तिनं एका दुपारी लॅपटॉप माझ्या पोटावर ठेवला. "आई, तू लहानपणी हे बघायचीस ना? बघ. यात तुला काही बोलावं लागणार नाही." बग्ज बनी होता. लांब कानांचा राखाडी ससा, हातात गाजर.

हो, बघायचे. १९९६-९७ साली आमच्या वाड्यात केबल फक्त समोरच्या काकूंकडे होती. शाळेतून आल्यावर दप्तर टाकून आम्ही सात-आठ मुलं त्यांच्या सोप्यात जाऊन बसायचो. कार्टून नेटवर्क तेव्हा इंग्रजीतच बोलायचं, आणि रात्री त्याच चॅनेलवर जुने इंग्रजी सिनेमे सुरू व्हायचे, म्हणजे उठायची वेळ झाली. आम्हाला इंग्रजी नुकतंच पाचवीपासून लागलेलं. 'धिस इज अ बॉल'च्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. तरी डॅफी डक नावाचं काळं बदक चिडलं की ते नुसतं चिडलेलं नाही, त्याचा अपमान झालाय, हे आम्हाला नेमकं कळायचं. ससा लाडीगोडी लावतोय आणि आतून शिकाऱ्याची मजा घेतोय, हेही कळायचं. एक शब्द न समजता. यात काही विशेष आहे असं तेव्हा वाटलं नाही. बोलायची बंदी झाल्यावर, डोळे मिटून तीच कार्टून ऐकताना पहिल्यांदा मनात आलं, की आम्हाला हे सगळं सांगत कोण होतं?

त्या दुपारनंतर मी वाचत सुटले. एक गोष्ट कळली आणि मुलीला हलवून पाटीवर लिहून दाखवली: 'टॉम अँड जेरी'तल्या टॉमचं शेपूट दारात सापडल्यावर येणारी ती किंकाळी, जी महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरानं ऐकली आहे, ती विल्यम हॅनाची. ती चित्रं ज्या दोघांनी दिग्दर्शित केली त्यांतला एक. मनासारखी किंकाळी हवी होती, म्हणून तो स्वतःच माइकसमोर ओरडला. मुलीनं तो भाग पुन्हा लावला, आणि आम्ही दोघींनी त्या ओरडण्यात पहिल्यांदा एक माणूस ऐकला.

ससा, काळं बदक, तोतरं डुक्कर, थुंकी उडवत बोलणारा बोका सिल्व्हेस्टर, पिवळं पाखरू ट्वीटी, लाल मिशांचा खुजा दरोडेखोर योसेमिटी सॅम, तोंडाळ कोंबडा फॉगहॉर्न. हे सगळे मात्र एकाच माणसाच्या घशातून आले होते. त्याचं नाव मेल ब्लँक.

तो १९०८ साली सॅन फ्रान्सिस्कोत जन्मला आणि ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात वाढला. घराण्याचं नाव खरं तर त्याच उच्चाराचं, पण स्पेलिंग वेगळं. शेवटचं अक्षर 'के'. त्याचा अर्थ इंग्रजीत कोरा, रिकामा. त्यानं पुढे आयुष्यभर सांगितलेली गोष्ट अशी, की शाळेतल्या एका शिक्षिकेनं त्याला वर्गात म्हटलं होतं, तू तुझ्या नावासारखाच राहशील, कोरा. पुढे त्यानं नावातलं शेवटचं अक्षर बदलून 'सी' केलं. उच्चार तोच राहिला, कोरेपणा गेला.

हे वाचून मी लॅपटॉप बंद केला. मी शिक्षिका आहे. अठरा वर्षांत हजारभर मुलं माझ्या समोर बसून गेली. त्यांतल्या कुणाला मी वैतागून काय म्हटलं असेल, ते मला आठवत नाही आणि त्याला आठवत असेल, या विचारानं ती दुपार वाईट गेली. शिक्षकाचा आवाज मुलाच्या कानात किती वर्षं राहतो याचा हिशेब कुठल्याच दप्तरात नसतो.

त्याच शाळेची दुसरी गोष्ट मला फार आवडते. शाळेचे व्हरांडे लांब आणि घुमणारे होते. तिथे उभं राहून मेल एक चढत जाणारं, खिदळणारं हसू हसायचा आणि ते भिंतींवर आपटून परत येताना ऐकत राहायचा. त्याला त्याबद्दल बोलणी बसत. तेच हसू १९४० साली वुडी वुडपेकर नावाच्या सुतार पक्ष्याच्या तोंडी गेलं आणि जगभर पोहोचलं. सुरुवातीच्या काही चित्रांनंतर ब्लँक दुसऱ्या कंपनीशी बांधला गेला आणि वुडीचा आवाज त्यानं सोडला, पण त्याचं ध्वनिमुद्रित हसू वापरलं जात राहिलं. त्यानं कोर्टात दाद मागितली. निकाल त्याच्या विरोधात गेला. शाळेच्या व्हरांड्यात ज्या हसण्याबद्दल ओरडा खाल्ला, त्या हसण्यावर आपला हक्क आहे हे त्याला मोठेपणी सिद्ध करता आलं नाही.

कार्टूनच्या आधी तो रेडिओवर होता. १९२७ साली, एकोणिसाव्या वर्षी, पोर्टलंडच्या केंद्रावर विनोदी कार्यक्रमात तो बोलायला लागला. व्हायोलिन आणि ट्यूबा ही वाद्यंही वाजवायचा. १९३३ मध्ये बायको एस्टेलला घेऊन रोजचा कार्यक्रम केला. त्यात हाताखाली माणसं ठेवायला पैसे नव्हते, म्हणून म्हातारे, पोरं, परदेशी, दारुडे, सगळे आवाज त्यानंच काढले. गरजेपोटी माणूस काय काय शिकतो हे आम्हा एकशिक्षकी शाळेत दिवस काढलेल्यांना वेगळं सांगायला नको. चार वर्गांना एकाच खोलीत बसवून मीही एका तासात चार वयांच्या आवाजांत बोलले आहे.

मग लॉस एंजेलिस. लिऑन श्लेसिंगर नावाच्या निर्मात्याचा कार्टून स्टुडिओ वॉर्नर ब्रदर्स या सिनेमा कंपनीला कार्टूनपट पुरवायचा. ब्लँक सांगे, की दीड वर्ष तो तिथे पुन्हा पुन्हा जात राहिला आणि आवाजांचं काम बघणारा गृहस्थ त्याला म्हणत राहिला, आम्हाला हवे तेवढे आवाज आहेत. तो गृहस्थ वारला. त्याच्या जागी ट्रेग ब्राउन आला, त्यानं ऐकून घेतलं, आणि १९३७ साली ब्लँकला पहिलं काम मिळालं: एका चित्रातला दारू प्यायलेला बैल.

इथून पुढचं वाचताना मला जे सगळ्यात नवं होतं ते म्हणजे कामाची पद्धत. आपल्याकडे परदेशी कार्टून हिंदीत किंवा मराठीत येतं तेव्हा चित्र आधी तयार असतं. कलावंत पडद्याकडे बघत, हलणाऱ्या ओठांत आपलं वाक्य बसवतो. तिथे नेमकं उलट होतं. चित्रं काढण्याआधी आवाज मुद्रित व्हायचा. कथेची कच्ची रेखाटनं भिंतीवर लावलेली, दिग्दर्शक शेजारी, आणि समोर फक्त माइक. मग त्या आवाजातलं प्रत्येक अक्षर पडद्याच्या एका सेकंदातल्या चोवीस चित्रांपैकी कितव्या चित्रावर पडतं, हे मोठ्या तक्त्यावर मांडलं जायचं, आणि तो तक्ता समोर ठेवून चित्रकार सशाचे ओठ, भुवया, कान काढायचे. ससा गाजर चावायला किती थांबेल, हे आधी ब्लँकच्या श्वासात ठरलेलं असायचं. डोळे मिटून ऐकतानाही आम्हाला सगळं का कळत होतं, त्याचं उत्तर मला इथे मिळालं. चित्र आवाजाच्या मागून चालत आलं होतं.

गाजराचा तो आवाज खऱ्या गाजराचाच. ब्लँकला गाजर फारसं आवडत नसे. सेलरीसारखे दुसरे पर्यायही करून पाहिले, पण तो कडाकडा आवाज कशालाच येईना. शेवटी तो गाजर चावायचा, आणि पुढचं वाक्य लगेच बोलायचं असल्यामुळे गिळायला वेळ नसायचा, म्हणून शेजारच्या भांड्यात थुंकून टाकायचा.

आता डॅफी आणि सिल्व्हेस्टर. मी दोघांना चाळीस वर्षांच्या वयापर्यंत दोन वेगळे आवाज समजत होते. मुळात आवाज जवळपास एकच आहे, तीच ओली, जिभेवरून घसरणारी 'स'. डॅफीचा आवाज मुद्रणानंतर थोडा जलद फिरवलेला. त्यानं तो पातळ आणि उंच होतो. ट्वीटीच्या बाबतीतही तेच. पण यंत्रानं फक्त उंची बदलते. डॅफीला कायम वाटतं की जग त्याचं देणं लागतं, आणि सिल्व्हेस्टरला कायम आपली अब्रू वाचवायची असते. तो फरक फिरण्याच्या वेगात नाही, तो वाक्याच्या शेवटी कुठे दम सुटतो त्यात आहे. मी हे पुन्हा पुन्हा ऐकून पाहिलं. डॅफी वाक्याच्या शेवटी वर चढतो. सिल्व्हेस्टर वाक्य संपता संपता स्वतःशीच बोलायला लागतो.

ब्लँकच्या कामातलं मला सगळ्यात मोठं वाटतं ते मात्र कार्टूनमध्ये नाही, रेडिओवर आहे. जॅक बेनी या विनोदवीराच्या कार्यक्रमात त्याला सुरुवातीला एका पांढऱ्या अस्वलाचं काम होतं. नुसतं गुरगुरायचं. सहा महिने तो गुरगुरला. मग एक दिवस बेनीला म्हणाला, मला बोलताही येतं. पुढे त्याच कार्यक्रमात बेनीच्या खटारा मॅक्सवेल गाडीचं खोकणं, धापा टाकणं, अडखळून बंद पडणं, हे सगळं त्यानं तोंडानं केलं, कारण ऐन वेळी ठरलेली ध्वनिमुद्रिका वाजली नाही. लोक त्या गाडीवर माणसासारखं प्रेम करायला लागले. आणि डिस्नेच्या 'पिनोकिओ'साठी त्यानं एका बोक्याचे कितीतरी संवाद मुद्रित केले होते, ते सगळे काढून टाकले गेले आणि चित्रपटात राहिली त्याची फक्त एक उचकी. मुक्या तीन आठवड्यांत ती उचकी मला फार जवळची वाटली.

आता जे लिहायचं आहे त्यासाठीच खरं तर मी हा लेख लिहायला घेतला.

पोर्की पिगचा, त्या तोतऱ्या डुकराचा, पहिला आवाज ब्लँकचा नव्हता. तो जो डोअर्टी नावाच्या नटाचा होता. डोअर्टी खरोखरच तोतरा होता. त्याचं अडखळणं त्याच्या ताब्यात नव्हतं, त्यामुळे एकेका वाक्याला मुद्रण लांबत जायचं, फिल्म वाया जायची, खर्च वाढायचा. १९३७ मध्ये त्याला काढून ते काम ब्लँकला दिलं. टेक्स एव्हरी या दिग्दर्शकाच्या ज्या चित्रात पोर्कीला नवा आवाज मिळाला, त्याच चित्रात डॅफी डकही पहिल्यांदा आला. ब्लँक हवं तिथे अडखळू शकत होता आणि हवं तिथे सुटू शकत होता.

मी यात कुणालाही खलनायक करणार नाही. सहा-सात मिनिटांचं चित्र, ठरलेला पैसा. आणि ब्लँकनं ते काम असं केलं की पुढे पन्नास वर्षं पोर्की म्हणजे तोच. पण खऱ्या तोतऱ्या माणसाला तोतरेपणासाठी काढलं आणि तोतरेपणाची नक्कल ठेवली, हे वाचल्यावर मला पुढे काही सुचेना. कारण माझ्या वर्गात हजेरीतला सतरा नंबर आहे.

त्याचं नाव लिहीत नाही. तिसरीत आहे, गणितात वर्गात पहिला. त्याला 'ह' आणि 'प' अडतात. हजेरीला 'हजर' म्हणायचं असतं, आणि त्या एका शब्दाला त्याला कधी कधी इतका वेळ लागायचा की मागच्या बाकावरची मुलं हसायला लागत. मी त्यांना दटावायचे आणि पटकन अठरा नंबर पुकारायचे. मला वाटायचं, मी त्याची सुटका करते आहे.

घरी पडून पोर्की ऐकताना मी एक गोष्ट ओळखली. पोर्की एखाद्या शब्दावर अडकतो, दोन-तीनदा धडक देतो, आणि मग तो शब्द सोडून दुसराच, सोपा शब्द घेऊन वाक्य पुरं करतो. लहानपणी आम्ही त्यावर पोट धरून हसलो आहोत. सतरा नंबर अगदी हेच करतो. त्याला 'पेन्सिल' म्हणायचं असतं आणि तो म्हणतो, 'बाई, ते लिहायचं द्या.' त्याला 'पाणी' हवं असतं आणि तो म्हणतो, 'बाई, तहान लागली.' मला वर्षभर वाटत होतं की या मुलाची बोलण्याची पद्धतच जरा निराळी आहे. तो दिवसभर, प्रत्येक वाक्यात, बोलण्याच्या आधी पुढची वाट तपासून वळण घेत होता. ब्लँकनं हे बरोबर टिपलं होतं. ज्या माणसाचं ऐकून टिपलं असेल, त्याला मात्र हे असं रोज जगावं लागत होतं. आणि स्वतःचं नाव, किंवा 'हजर', यांना पर्यायी शब्द नसतो.

श्रेयाचंही असंच काहीसं आहे. त्या काळी कार्टूनच्या नामावलीत आवाज देणाऱ्यांची नावं नसतच. ब्लँकनं श्लेसिंगरकडे पगारवाढ मागितली. श्लेसिंगर पैशाला घट्ट होता, वाढ दिली नाही. मग ब्लँक म्हणाला, निदान नाव तरी द्या. १९४४ च्या सुमारापासून पडद्यावर त्याचं नाव येऊ लागलं, आणि त्या नावानं रेडिओवरची कामं आली, पैसा आला. बरोबरच केलं त्यानं. पण पडद्यावर ते एकच नाव राहिलं. सशाच्या मागे बंदूक घेऊन फिरणारा, 'र'ला 'व' म्हणणारा टकला एल्मर फड, ज्याच्याशिवाय ससा अर्धा होतो, तो आवाज आर्थर क्यू. ब्रायनचा. १९४० पासून १९५९ मध्ये मरेपर्यंत तो एल्मर बोलला, आणि ज्यांनी ज्यांनी पडद्यावरची पाटी वाचली त्यांना वाटलं, हाही ब्लँकच. ट्वीटीची आजी आधी बी बेनडरेटची आणि १९५५ पासून जून फोरेची. तीही नावं नव्हती.

जून फोरे हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. पाच फुटांहून बुटकी बाई, बारा वर्षांची असल्यापासून रेडिओवर. चेटकीण हेझल, आजी, उडती खार रॉकी आणि त्याच मालिकेत रॉकीच्या वाईटावर असलेली नताशा, म्हणजे एकाच प्रसंगात पकडणारी आणि पळणारा दोघंही तीच. तिनं हे नाव नसणं मनाला लावून घेतलं नाही. त्याऐवजी ती संस्था उभी करायला लागली. सचेतपटात, म्हणजे कार्टूनपटांत, काम करणाऱ्यांसाठी १९७२ पासून दिले जाणारे ॲनी पुरस्कार हे तिच्या खटपटीचं फळ. पूर्ण लांबीच्या सचेतपटासाठी वेगळं ऑस्कर असावं म्हणून ती अनेक वर्षं पाठपुरावा करत राहिली आणि ते २००२ च्या सोहळ्यापासून मिळू लागलं. २०१२ मध्ये, ९४ व्या वर्षी, तिला अभिनयाचं एमी, म्हणजे टीव्हीवरच्या कामाचं मोठं पारितोषिक, मिळालं. ती गेली तेव्हा शंभराला दोन महिने कमी होते. माझ्या मुलीला मी ब्लँकपेक्षा हिच्याबद्दल जास्त लिहून दाखवलं.

२४ जानेवारी १९६१ च्या रात्री लॉस एंजेलिसमध्ये सनसेट बुलेव्हार्डच्या 'डेड मॅन्स कर्व्ह' नावानं ओळखल्या जाणाऱ्या वळणावर ब्लँकच्या गाडीला समोरून येणारी गाडी धडकली. दोन्ही पाय मोडले, कंबरेची हाडं मोडली, डोक्याला मार लागला. तो गेला अशी बातमीसुद्धा एका वर्तमानपत्रानं छापली. जवळजवळ दोन आठवडे तो बेशुद्ध होता. बायको आणि मुलगा उशाशी बसून बोलत राहायचे, तो काही उत्तर देत नसे. मग एके दिवशी डॉक्टर खाटेशी आले आणि त्यांनी विचारलं, "बग्ज बनी, आज कसं वाटतंय?" पट्ट्यांमधून क्षीण आवाज आला. सशाचा. ठीक आहे डॉक्टर, तुम्ही कसे आहात, अशा अर्थाचं काहीतरी. 'व्हॉट्स अप, डॉक?' हे सशाचं गाजलेलं वाक्य मुळात डॉक्टरला उद्देशूनच असतं, आणि इथे समोर खरोखरच डॉक्टर उभे होते.

या घटनेचे पुष्कळ अर्थ लावले जातात. मेंदूत भूमिका कुठे राहते, माणूस कुठे राहतो वगैरे. मला त्यातलं शास्त्र कळत नाही. मला फक्त एवढं दिसतं, की मेल नावानं हाक मारल्यावर ज्याला वर येता येत नव्हतं, त्याला सशाच्या नावानं मारलेल्या हाकेला ओ देता आली.

पुढचे महिने तो प्लास्टरमध्ये जखडलेला होता. 'द फ्लिंटस्टोन्स' मालिकेत तो बार्नीचा आवाज देत असे. काही भाग डॉज बटलर या दुसऱ्या मोठ्या कलावंतानं त्याच्यासाठी निभावून नेले, आणि नंतर यंत्रसामग्री आणि सहकलाकार ब्लँकच्या घरी आले. तो पाठीवर पडलेला, माइक त्याच्या वर टांगलेला, आणि तो बार्नीचं ते खालच्या पट्टीतलं, घशात घोळणारं हसू हसतोय. आमच्या डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की आवाज पोटापासून येतो, ताठ बसा, खांदे सैल ठेवा. हा माणूस आडवा होता, पोटाला प्लास्टर होतं.

शरीरानं मात्र सगळ्याची किंमत घेतली. योसेमिटी सॅमचा तो फाटका आरडाओरडा त्याच्या घशाला सगळ्यात जड जायचा. १९८८ मध्ये 'हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट'साठी तो ऐंशीच्या घरात ससा, बदक, डुक्कर, बोका आणि पाखरू बोलला, पण सॅम दुसऱ्या कलावंतानं केला. आयुष्यभराच्या सिगारेटींनी फुप्फुसं अधू झाली होती. १० जुलै १९८९ ला तो गेला. आवाज त्यानं मुलाला, नोएलला, शिकवून ठेवले होते.

डिसेंबरात मी शाळेत परत गेले. डॉक्टरांची ताकीद होती की आवाज चढवायचा नाही, टाळी वाजवा, घंटी वाजवा, पण ओरडू नका. पहिल्या दिवशी मी इतक्या हळू बोलले की बत्तीस मुलं पुढे झुकून ऐकायला लागली. अठरा वर्षांत माझा वर्ग इतका शांत कधीच नव्हता.

त्या आठवड्यात मी पाठाऐवजी एक गोष्ट घेतली आणि आवाज वाटून दिले. कोल्हा, म्हातारी, ससा, अस्वल. सतरा नंबरनं हात वर केला. तो आपणहून हात वर करत नाही. त्याला अस्वल हवं होतं. मी पुस्तक त्याच्या हातात दिलं आणि माझ्याच छातीत धडधडायला लागलं, कारण पहिलंच वाक्य 'ह'नं सुरू होत होतं. त्यानं हनुवटी छातीला टेकवली, गाल फुगवले, आणि आठ वर्षांच्या पोराच्या घशातून एक जाडजूड, संथ, केसाळ आवाज निघाला. "हा माझा डोंगर आहे. पुढे याल तर खबरदार." एकदाही अडखळला नाही. चार वाक्यं, सलग. वर्ग टाळ्या वाजवायला लागला तेव्हा त्यानं इकडेतिकडे पाहिलं, जणू टाळ्या दुसऱ्याच कुणासाठी आहेत.

नंतर मी वाचलं की असं होतं. दुसऱ्याचा आवाज काढताना, गाताना, सगळ्यांबरोबर एकसुरात म्हणताना तोतरेपणा बऱ्याचदा सैल पडतो. म्हणजे मी काही केलं नव्हतं, अस्वलानं केलं होतं. आणि एक मोह मला झाला, तो लिहायलाच हवा. दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना मनात आलं, याला सांगावं, अस्वलाच्या आवाजात म्हण 'हजर'. सोपं जाईल, कुणी हसणार नाही. वाक्य ओठांवर आलं होतं. मग मला जो डोअर्टी आठवला, ज्याच्या खऱ्या आवाजाला तिथे जागा उरली नव्हती, आणि मी ते गिळलं.

गोष्टीच्या तासाला अस्वल त्याचंच आहे. हल्ली तो म्हातारीसुद्धा मागतो. हजेरी वेगळी.

"सतरा."

तो उभा राहतो. "ह..." पंखा फिरतो. बाहेर पोषण आहाराच्या भांड्यांचा आवाज येतो. "ह... ह..." मागच्या बाकावर कुणीतरी चुळबुळतं आणि थांबतं. मी पेन वहीवर टेकवून त्याच्याकडे बघत राहते. अठरा नंबर पुकारत नाही. "ह... हजर, बाई."

मी खूण करते, आणि मग अठरा नंबर पुकारते.